साहेबाचं गोणपाट

काका दिसेल त्या सगळ्यावर पाणी शिंपडत. पालकावर, मेथीवर, आमच्या पायरीवर, एकदा माझ्या चपलांवरसुद्धा. "तरतरी येते, माय," म्हणत.

वाशीममध्ये मी जनावरांच्या एका खासगी दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बसते. समोर कडुनिंबाखाली काकांची भाजीची गाडी असे. मी फारशी बोलत नाही, खिडकीतून पाहते.

एप्रिलमध्ये गाडीखाली हस्की दिसला. बर्फाच्या मुलखातला, निळ्या डोळ्यांचा, महागडा कुत्रा. काकांचं जुनं गिऱ्हाईक असलेला एक दुकानदार गाव सोडताना "आठ दिवस सांभाळा" म्हणून देऊन गेला होता. मग त्याने फोन उचलणंच सोडलं.

काका त्याला साहेब म्हणत. "साहेब भाकर नाई खात, पनीर मांगते. त्याच्या घरी एसी होता म्हणे. माह्या घरी एकच पंखा, थो बी लाइन असली तं!"

ऊन वाढलं तशी साहेबाची धापही वाढली. काका येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "थंड गावचं कोणी हाये का जी? फुकट नेलं तरी चालते." कोणीच नव्हतं.

मग त्यांनी भाजीला करतात तेच केलं. भिजवलेलं गोणपाट दुहेरी करून साहेबाच्या अंगावर घातलं.

मी मोबाइलवर इंग्रजीत वाचलं होतं, ओलं पांघरूण घातलं की अशा दाट केसांच्या कुत्र्याची उष्णता आतच कोंडते. पोट, पाय भिजवावेत, वारा घालावा. सांगायला मी दोनदा उठले. गाडीपाशी गर्दी होती, आणि मी परप्रांतातली, माझं मराठी ऐकून लोक हसतात. डॉक्टर सांगतील, म्हणून परत बसले.

तिसऱ्या दुपारी काका साहेबाला गोणपाटासकट उचलून आत आले. डॉक्टर इंझोरीला म्हशीकडे गेले होते.

"माय, काईतरी कर वं! काहून डोये फिरवून राह्यला हा?"

मी गोणपाट ओढून काढलं. भातावरचं झाकण काढावं तशी वाफ हाताला लागली. पोटावर पाणी ओतलं, पंखा लावला. काका त्याच्या तोंडावर पाणी शिंपडत राहिले, पालकावर शिंपडतात तसंच. साहेबाने डोळे उघडले नाहीत.

शिंपडायचं थांबवून काका म्हणाले, "एक घडी पोतं सुकू नाई देलं म्या."

मी मान हलवली. तेव्हाही सांगता आलं नाही.

कडुनिंबाखाली ती गाडी पुन्हा आली नाही. एकदा बाजारात काका लांबून दिसले. पालक उघड्यावर, उन्हात मान टाकून पडलेला. गोणपाट नव्हतं. त्यांनी मला पाहण्याआधीच मी दुसऱ्या रस्त्याला वळले.