पोट आत, छाती बाहेर!

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. तोंडावर ताबा नसला की ते आपोआप साठतात. मी ठाकुर्लीच्या एका शाळेत तीस वर्षं पीटी शिकवलं, त्यामुळे माझा साठा मोठा. निवृत्त झाल्यावर कोपरीच्या एका हॉलमध्ये व्हीलचेअर बास्केटबॉलची टीम सांभाळायला घेतली आणि तो दुप्पट झाला. फरक एवढाच, की हे किस्से ऐकून लोक हसतात आणि माझे कान गरम होतात.

* * *

पहिल्याच दिवशी निलेश दिसला. शहाडचा, पंचविशीतला, बाइकवरून पडून पाठीच्या मणक्याला मार बसलेला. खुर्चीत पुढे वाकून बसला होता. माझ्यातली पीटी टीचर जागी झाली.

"ए, पोक काढून काय बसलायस? पोट आत, छाती बाहेर!"

निलेश शांतपणे म्हणाला, "मॅडम, पोट आत घ्यायचा स्विच अ‍ॅक्सिडेंटमध्येच गेला. दुसरं काहीपण सांगा, करतो!"

सगळा हॉल हसला. मीही हसले, पण त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

* * *

मे महिना, वर पत्रा, पंखे नावाला. सगळे घामाने निथळत होते. संदीप मात्र कोरडा ठणठणीत. त्याची दुखापत मानेजवळची. मी शिट्टी मारून सगळ्यांना थांबवलं.

"बघा, शिका काहीतरी! याला म्हणतात स्टॅमिना! घामाचा एक थेंब नाही!"

संदीपचं तोंड लालबुंद. "मॅडम, मानेला मार बसल्यापासून मला घाम येतच नाही. आतल्या आत शिजतोय मी. ती बाटली ओता ना डोक्यावर!"

ओतली. दुसऱ्या दिवशी झाडांवर पाणी मारायचा फवारा विकत आणला, तो अजून माझ्या पिशवीत असतो. माफी मागायची मात्र राहूनच गेली.

* * *

या खेळात शरीर किती साथ देतं त्यावरून प्रत्येकाला पॉइंट मिळतात. साथ कमी, तर पॉइंट कमी. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज चौदाच्या वर गेलेली चालत नाही. अशोकचा एक पाय गुडघ्याखाली नाही, पण कंबर-पोट शाबूत, म्हणून त्याला साडेचार. संदीपला एक.

एकदा मॅचआधी पाहुण्यांना टीमची ओळख करून देताना मी म्हणाले, "हा अशोक, आमचा हुकमी एक्का. आणि हा संदीप, बेरीज जुळवायला!" संदीप समोरच बसला होता.

त्याच मॅचला मी संदीपला बाहेर ठेवलं. अशोकला एक बास्केट टाकता येईना. समोरचे दोघे त्याला चिकटूनच. "अरे, झालंय काय तुला आज?" मी बाहेरून ओरडले.

अशोक तिथूनच ओरडला, "मॅडम, असे चिकटणाऱ्यांना दर मॅचला संदीप अडवतो! त्याला तुम्ही बाकावर बसवलाय!"

* * *

हा शेवटचा सांगू नये असा आहे.

राज्य स्पर्धेआधी निलेशचे पॉइंट ठरायचे होते. दीड मिळाले तर आमची बेरीज बरोबर चौदा आणि निलेश पाचात. दोन मिळाले तर निलेश बाकावर. त्या जागेसाठी पोरगा वर्षभर झटला होता.

आणि मी, कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळलेली बाई, त्याला रिक्षात शिकवत होते. "बॉल डोक्यावर धरायला सांगतील. तेव्हा डावीकडे कलंडायचं, म्हणजे दीडच देतील. हळूच. कोणाला कळत नाही." तो बाहेर बघत राहिला.

तपासणीच्या ठिकाणी पोचलो तर दाराशी त्याची आई डबा घेऊन उभी.

तपासणारे डॉक्टर म्हणाले, "दोन्ही हातांनी बॉल वर घ्या." निलेशने घेतला. आईने पदर तोंडाशी धरला. मी डोळ्यांनी खुणावत होते, कलंड, अरे कलंड! बॉल डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. डॉक्टरांनी दोन लिहिले.

बाहेर येताच मी दबक्या आवाजात म्हणाले, "अरे, रिक्षात ठरलेलं ना आपलं?"

"मॅडम, दोन वर्षं पाठीला उशा लावून आईने बसायला शिकवलंय मला. तिच्यासमोर कसा पडू?"

तेवढ्यात आईच आली. डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, बघितलंत, कसा ताठ बसला! सगळी तुमची मेहनत हो!"

आणि डब्यातला पहिला लाडू तिने माझ्या हातावर ठेवला.