खड्ड्यात उतरवलेलं इंजिन

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायला बसलं की हात जड होतो. पण बायको गेल्यापासून घरात बोलायला माणूस नाही, आणि ही गोष्ट छातीवर बसलीय, म्हणून लिहितो. वाचणाऱ्यानं मला शिव्या दिल्या तरी चालतील.

नव्वदच्या पुढची वर्षं होती. आम्ही जळगावकडून आलेलो, सुरतेत नवागामला भाड्याच्या खोलीत राहायचो. मी कडोदऱ्याच्या एका कपडा रंगवायच्या मिलमध्ये फिटर होतो. बायको घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. तिचा एकुलता एक भाऊ, म्हणजे माझा शालक, कापड विणायच्या लूमवर कामाला होता आणि आमच्याच गल्लीत राहायचा. आईबाप लवकर गेलेले, त्याला तिनंच वाढवला. तो तिशीला आला, दोन पोरांचा बाप झाला, तरी लहान पोराला वाढावं तसं त्याच्या ताटात ती आधी वाढायची.

आम्हा चारपाच जणांना एक नाद होता. भंगार बाजारातून मेलेली इंजिनं उचलून आणायची आणि जिवंत करायची. शेतावरची रॉकेलची पंपसेट, लग्नाच्या मंडपातले जनरेटर, बर्फाच्या कारखान्यातलं जुनं काळं डिझेल इंजिन, काय मिळेल ते. आमच्यात एक म्हातारा मिस्त्री होता, नांदेडकडचा. त्याच्या खोलीमागे पत्र्याची शेड होती. रविवारी सकाळी तिथं जमायचं, हँडल मारायचं, आणि इंजिन लागलं की डोळे मिटून ऐकायचं. कुठला व्हॉल्व्ह टाइट आहे, कुठं रिंग घासतेय, हे नुसत्या कानानं सांगायचं. ज्याचं चुकलं त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

आणि आमच्याकडे सायलेंसर काढूनच इंजिन चालवायची रीत होती. मिस्त्री म्हणायचा, "सायलेंसर लावलेलं इंजिन म्हणजे तोंडात पान घेऊन बोलणारा माणूस. काय बोलतो ते कळतच नाही." आजूबाजूच्या बाया खिडक्या आपटायच्या. आम्हाला काय त्याचं. बायको म्हणायची, "बहिरे व्हशात सगळे." मी म्हणायचो, झालो तर तुझं बोलणं तरी ऐकू यायचं नाही. हसायची. आता असली थट्टा आठवली तर जीभ चावावीशी वाटते.

त्या वर्षी पावसात मिलची लाइट दोन दिवस गेली. मिलला पाणी देणारा मोठा पंप जमिनीखाली वीसपंचवीस फुटांवर होता, सिमेंटच्या गोल खड्ड्यात. पाणी फार खोल असलं तर पंप वरून ओढू शकत नाही, म्हणून त्याला खाली बसवावा लागतो. पावसाचं पाणी खड्ड्यात शिरलं आणि पंपाची मोटर बुडाली. मिलचा मोठा जनरेटर तर आधीच बिघडून पडलेला, त्याचा कारागीर मुंबईहून यायचा होता. शेठ छत्री घेऊन खड्ड्याच्या काठावर उभा.

"भाई, तुमच्याकडे ते इंजिन-बिंजिन असतात ने? रविवारनां रमकडां?"

रमकडां म्हणजे खेळणी. मला राग आला आणि छातीही फुगली. म्हटलं, दाखवतोच खेळणी काय करतात.

मी मिस्त्रीला आणि शालकाला घेऊन आलो. शालकाची लूमही लाइटीअभावी बंद होती. खड्ड्यातलं पाणी उपसायला आमच्यातलं सगळ्यात हलकं रॉकेलचं पंपसेट टेम्पोतून आणलं. खड्ड्याच्या आत, अर्ध्या खोलीवर, सिमेंटची कड होती. तिथं फळ्या टाकून दोरानं इंजिन खाली सोडलं. धूर खड्ड्यात साठू नये म्हणून मिस्त्रीनं इंजिनाच्या धुराच्या तोंडाला लांब लोखंडी पाईप जोडला आणि त्याचं टोक वर काढलं. खाली उतरणाऱ्यानं कमरेला दोर बांधायचा, हाही मिस्त्रीचाच हट्ट. शालक त्याला म्हणाला, "काका, मी काय बैल आहे का?"

"बैलाला अक्कल असते," मिस्त्री म्हणाला. "बांध."

इंजिन लागलं, पण पाणी वर येईना. लांब बारीक पाईपानं त्याचा श्वास कोंडला होता. आवाज असा, जसा कोणी उशीत तोंड खुपसून रडतंय. नळीतून पाण्याची धार यायची, पडायची, परत थांबायची. शेठनं एकदा घड्याळ पाहिलं आणि गालात हसला.

त्याचं ते हसणं मला सहन झालं नाही. मिस्त्री चहा प्यायला गेला होता. मी खाली उतरलो, पान्यानं नट सोडले आणि पाईप काढून टाकला. वर येईस्तोवर कपाळात ठणका लागला. उपाशी पोटाचा असेल, म्हटलं.

इंजिन मोकळं झालं. काय आवाज लागला! खड्ड्याच्या भिंतींवर आपटून वर यायचा, पायाखालची जमीन थरथरायची. मनगटाएवढ्या जाड नळीतून पाणी फेकलं जाऊ लागलं. शेठ दोन पावलं मागे सरला. कामगार टाळ्या वाजवायला लागले.

थोड्या वेळानं धार बारीक झाली. रंगखात्यातल्या कापसाचा गोळा नळीच्या तळाच्या जाळीत अडकला असणार. शालक म्हणाला, "दाजी, मी काढून येतो. तुम्ही तुमचं गाणं ऐका."

कमरेला दोर बांधून तो शिडीनं उतरला. आणि मी खरंच ऐकत बसलो. काठावर उकिडवा, डोळे मिटून. एक ठोका इकडचा तिकडे नव्हता. मला आनंद होत होता, हे मी लपवणार नाही. माझ्या बायकोचा भाऊ खाली मरत होता आणि मी डोळे मिटून आवाज ऐकत होतो.

मिस्त्री परत आला. त्यानं पाईप बाजूला पडलेला पाहिला. त्याच्या हातातला कप खाली पडला.

"खाली कोण आहे?"

मी डोळे उघडले. दोर सैल पडला होता. खाली शालक कडेवर पालथा होता, गाल नळीवर टेकलेला, झोपल्यासारखा. मी हाक मारली. परत मारली. इंजिन जोरात चालूच होतं, माझाच आवाज मला येत नव्हता. मी शिडीवर पाय टाकला तर मिस्त्रीनं मागून गळपट्टी धरून मला चिखलात आपटलं.

"तू गेलास तर दोन काढावे लागतील! दोर ओढ!"

सात-आठ जणांनी दोर ओढला. त्याचं डोकं भिंतीला लागत होतं, ठप, ठप. वर आला तेव्हा चेहरा लालबुंद. मेलेला माणूस पांढरा पडतो एवढं मला माहीत होतं. हा लाल रंग मी कधी पाहिला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. श्वास होता की नव्हता, कळेना. टेम्पोत टाकला आणि सरकारी दवाखाना गाठला. रस्ताभर मी त्याच्या नाकापुढं बोट धरून बसलो होतो. टेम्पो हादरायचा, बोट हलायचं, काही कळायचं नाही. एका वेळेला वाटलं, हा वाचला नाही तर नवागामला परत जायचंच नाही, तसंच कामरेजकडे चालत सुटायचं. असा मी.

डॉक्टरांनी त्याला नळ्या लावल्या आणि आम्हाला बाहेर काढलं. काही सांगता येत नाही, म्हणाले. एक जण रिक्षानं बायकोला घेऊन आला. तिच्या हाताला टिकल्या चिकटलेल्या तशाच.

"भाऊ कोठे शे? काय व्हयनं?"

मी घुमवून सांगायला शिकलोच नाही. म्हटलं, "इंजिनाच्या धुरानं बेशुद्ध झाला. धूर वर काढायचा पाईप होता. तो मी काढला."

मला वाटलं आता ती ओरडेल, छातीवर मारेल. मारायला पाहिजे होतं. तिनं एवढंच विचारलं:

"ते इंजिन बंद करं का तुम्ही?"

बंद केलंच नव्हतं. कोणी खाली उतरूच शकत नव्हतं, आम्ही दोर ओढला आणि निघालो. टाकीत रॉकेल होतं. ते अजून तिथं धूर ओकत होतं.

"मग इथं काय करताय? तिथं आजून कोणी उतरी जाई!"

मी धावलो. रिक्षावाल्याला म्हटलं, उडव. कडोदऱ्यापर्यंतचा तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. त्यात रिक्षा चालते आणि रस्ता सरत नाही.

मिलच्या फाटकातून आत आलो तर सगळं शांत. रॉकेल संपून इंजिन बंद पडलं होतं. आणि खड्ड्याच्या काठावर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, एका कामगाराला शिडीवरून खाली सोडत होता. बीडकडचा गडी, नुकताच लागलेला. दोन पायऱ्या उतरलाही होता.

"मशीन बंद हो गया है, डर काय का?" जॉबर म्हणत होता. "उस इंजिन को रस्सी बांध के आ जा."

मी त्या गड्याला काखेत हात घालून वर ओढला. तो पडला, मीही पडलो. मग उठून शिडी उपसून काढली आणि तिच्यावर बसलो.

"धूर दिसत नाही म्हणजे गेला असं नाही," मी म्हटलं. "ज्याला उतरायचं त्यानं आधी माझ्या अंगावरून जायचं."

शेठ आला. ओरडला, नोकरीचं बोलला. मी म्हटलं, घे नोकरी. मिस्त्री दवाखान्यातून माझ्यामागून आला आणि शिडीच्या दुसऱ्या टोकावर बसला. दुपारनंतर लाइट आली. कपडा सुकवायच्या खात्यातला मोठा पंखा आणून, ताडपत्रीची नळी करून, तासन् तास खड्ड्यात हवा सोडली, तेव्हा मी शिडीवरून उठलो.

दिवस कलताना बायको फाटकातून आली. हायवेपासून पायी आली होती. तिचा चेहरा वाचता येईना.

"बोलला," ती म्हणाली. "शुद्धीवर आला. पहिल्यांदा तुम्हाला शिवी दिली."

मी रडलो. ती रडली नाही. खड्ड्याच्या काठावर गेली, खाली वाकून बघितलं, मग मागं वळून म्हणाली, "यापुढं रविवारी मीही येईन शेडमध्ये."

आणि ती आली. कितीतरी वर्षं. टिकल्यांची साडी मांडीवर घेऊन दाराशी बसायची. आमच्यातल्या कोणीही हँडलला हात लावला की आधी ती मान वर करायची. खिडकी बघायची, दार बघायची, आत कोण वाकलंय ते बघायची. मग "हं" म्हणायची. तिच्या "हं"शिवाय इंजिन लागलं नाही. त्या बाबतीत तिनं मला माफ केलं की नाही, मी कधी विचारलं नाही. भीती वाटायची, खरं काय ते.

ती गेल्यापासून मी एकही इंजिन चालू केलेलं नाही. लोक म्हणतात, दुःखानं नाद सुटला. तसं नाही. मला भ्या वाटतं. परवा शालक आला होता, आता त्याचेही केस पांढरे झालेत. म्हणाला, "दाजी, एकदा लावा. ताई असती तर ओरडली असती, गंज चढवताय म्हणून."

मी म्हटलं, "आधी तू बाहेर जा. रस्त्यावर उभा राहा, मला दिसशील असा."

तो हसत हसत जाऊन रस्त्यावर उभा राहिला. मी खिडकी उघडली, दार उघडलं, वाकून कोपरे बघितले. मग हँडल हातात धरून उभा राहिलो. बराच वेळ. तो बाहेरून ओरडला, "लावा ना!"

माझा हात काही फिरला नाही.