एक पळणारी, एक मारणारी आणि एक पुतळा

किस्से लेकरांच्या आखूड झालेल्या कपड्यांसारखे असतात. देऊन टाकू म्हणून बाजूला ठेवावेत, तर पिशवीवर पिशवी साठत जाते! उमेळ्यातल्या आमच्या बिल्डिंगखाली रोज साडेपाचला पोरं घसरगुंडीवर आणि आम्ही तिघी बाकावर. मी, सायली, रेश्मा. आमच्या पिशवीत सगळ्यात जास्त माल घाबरण्याचा.

*

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे वाडी आहे. पडवळ सरळ वाढावं म्हणून तिथे त्याच्या टोकाला दगड बांधतात. एकदा एक वेल भिंत ओलांडून आमच्या बाजूला आली आणि वाऱ्यानं पडवळ झुललं.

"साप!" सायली ओरडली आणि थेट तिसऱ्या मजल्यावर. तेही जिन्यानं! मग गॅलरीतून हाक आली, "अगं, माझा आरव खालीच राहिला! घ्या गं कुणीतरी त्याला!"

आरव पडवळाला झोका देत होता.

*

रेश्मा पळत नाही. तिचा नवरा एकदा लवकर घरी आला, चावीनं लॅच उघडलं आणि हेल्मेट न काढताच स्वयंपाकघरात डोकावला. हिनं वळून पोळपाटच हाणला. "अगं, मी!" असं तो म्हणेपर्यंत दुसरा तडाखाही बसला.

"हेल्मेटमुळं वाचला," रेश्मा शांतपणे सांगते.

आता तो स्वतःच्या घराची बेल वाजवतो, आडनावासकट नाव सांगतो, आणि मगच आत येतो.

*

लेक व्हायच्या आधी मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवायचे. खोड जात नाही. एकदा दोघींना बाकावर लेक्चरच दिलं: मेंदूच्या मधल्या भागात एका बारीक नळीभोवती करड्या पेशींचा थर असतो. धोका लांब असेल तर तो आपल्याला जागीच थिजवतो. जवळ आला की पळवतो. अगदी अंगावरच आला आणि सुटायला वाट नसली, की लढवतो. बाकीचा मेंदूही मध्ये बोलतो म्हणा, पण तो चपला शोधेपर्यंत याचं काम झालेलं असतं!

"म्हणजे मी पळालेच नाही, मला पळवलं!" सायली खूश. "मॅडम, हे आरवच्या बाबांना लिहून द्या. सहीसकट!"

*

आता माझं. ओट्यावर दूध तापत होतं आणि भिंतीवर पाल आली. मी उभी. पाल उभी. दूध उतू जाऊन गॅस विझला तरी मी उभीच.

सासूबाई धावत आल्या. "अगं, दूध!"

"आई... पाल..."

त्यांनी गॅसचं बटण बंद केलं, खिडकी उघडली. मग एकदा पालीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तीही बिचारी तशीच उभी आहे. तुम्ही दोघी ठरवा, आधी कोण हलणार. मी तोवर चहाचं दुसरं दूध आणते."

*

हसले मीही. पण माझी ईरा तीन वर्षांची. उद्या खरंच काहीतरी तिच्या अंगावर आलं आणि मी अशीच पुतळा होऊन बघत राहिले तर? पेशींचं नाव पाठ असून काय उपयोग? न राहवून हे एकदा बाकावर बोलून गेले.

रेश्मानं लगेच माझं ट्रेनिंग सुरू केलं! दुसऱ्या दिवशी बोलता बोलता अचानक तिनं पुन्हा माझ्या मांडीवर रबरी बेडूक टाकला. मी थिजले. तिनं घड्याळ लावलं होतं.

"आठ सेकंद," ती म्हणाली. "काल अकरा होते. सुधारतेयस."

*

गेल्या आठवड्यात आमच्या गेटजवळची कुत्री व्याली. पिल्लं पार्किंगमधल्या गाडीखाली. ईरा कधी घसरगुंडीवरून उतरली आणि कधी एक पिल्लू उचलायला वाकली, कळलंच नाही. कुत्री पलीकडून आली, दात विचकून. ईराच्या मागे भिंत.

पुढचं मला सायलीनं सांगितलं, कारण मला आठवत नाही. रेश्मा बाकावर चढली होती. सायलीचा पाय हलेना. आणि मी, बायोलॉजीची एम.एस्सी., ईराच्या पुढ्यात दोन हात आणि दोन गुडघे टेकून, त्या कुत्रीच्या तोंडासमोर तोंड नेऊन भुंकत होते.

कुत्री थांबली. माझ्याकडे नीट बघितलं. हळूच गुरगुरली, पिल्लू तोंडात धरलं आणि गाडीखाली गेली.

ईरानं माझी ओढणी ओढली.

"आई, ती काय म्हणाली?"