पीएचडीला ‘मग?’ विचारणाऱ्या मार्था मॅडम

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी डॉ. मार्था परेरा यांच्यासमोर उभी राहिले, ती पीएचडीसाठी मार्गदर्शक व्हा म्हणून विनवायला. आमचं घर पाचूबंदरचं, मासेमारीचं. सुक्या बोंबलांतला ओलावा हा माझा विषय. मॅडमनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, “पदवी मिळाल्यावर करणार काय?”

“प्राध्यापक होईन.”

“जागा कुठायत गं बाई? माझे आधीचे विद्यार्थी डॉक्टर होऊन शिकवण्या घेतायत.”

ही गोष्ट मॅडमनी फार मनाला लावून घेतली होती. म्हणूनच त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या पीएचडीची सगळी घडीच बदलायला घेतली. प्रबंध तर हवाच. शिवाय विद्यार्थ्यानं काही महिने कारखान्यात प्रत्यक्ष काम करायचं, आणि दर शनिवारी होळी या गावी मॅडमच्या घरी जाऊन आपलं संशोधन त्यांच्या यजमानांना समजावून सांगायचं. जॉनभाऊ भाजीच्या वाफ्यांत रमणारे, विज्ञानाशी काडीचं देणंघेणं नाही. ते “मग?” म्हणाले तर आम्ही पास, “बरं” म्हणाले तर नापास!

विभागाच्या बैठकीत या योजनेवर एक ज्येष्ठ सर भडकले, तो किस्सा आम्हा सगळ्यांना पाठ आहे. “ही पीएचडी आहे की आयटीआय?” मॅडम हसून म्हणाल्या, “आयटीआयची मुलं नोकरीला लागतात, सर.” हशा पिकला, पण निर्णय व्हायचा तो झालाच. या योजनेतल्या पहिल्या विद्यार्थिनीला नोकरी लागली तर योजना पुढे चालू, नाहीतर बंद. पहिली विद्यार्थिनी म्हणजे मी. माझी पाचावर धारण बसली.

पहिल्या शनिवारी मी “आर्द्रतेचे प्रमाण” असं सुरू केलं. जॉनभाऊ “बरं” म्हणाले आणि उठून पाणी शिंपायला गेले. मॅडम खो खो हसल्या. “घरी आईशी बोलतेस तसं बोल की!” पुढे कधीतरी मी वैतागून म्हटलं, “बोंबलात पानी रायलं तं पावसाल्यात खायाचं काय?” जॉनभाऊंनी हातातली झारी खाली ठेवली. “मग?” त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना लापशी खाऊ घातली.

कारखान्यातले दिवस इतके गोड नव्हते. मासळी प्रक्रियेच्या त्या ठिकाणी मला नुसत्या बाटल्या धुवायला लावल्या. मी रडकुंडीला आले. मॅडम एसटीनं तिथे आल्या, व्यवस्थापकांसमोर ठाण मांडून बसल्या. “हिला यंत्रावर घ्या. चुकली तर मला बोलवा.” जाताना माझ्या हातात घरच्या वेलची केळ्यांची फणी ठेवली. मी चुकले, अनेकदा चुकले. पण वाळवणी यंत्र बिघडलं तर कुठला माल आधी वाचवायचा, हे तिथेच शिकले.

प्रबंध सादर झाला आणि मुंबईच्या एका खाद्यपदार्थ कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. समोर तीन माणसं. त्यांनी प्रबंध चाळला आणि मिटून ठेवला. मला वाटलं, संपलं, मॅडमची योजना बुडवली मी. तेवढ्यात मधल्या गृहस्थांनी यंत्र बंद पडण्याचाच प्रश्न विचारला. मी बोलू लागले. इंग्रजी सुटलं, मराठी आलं, मराठीतही ‘पानी’ आलं. एकजण गालात हसला. मधले गृहस्थ मात्र पुढे सरकून म्हणाले, “मग?” मला तर त्यांना मिठीच मारावीशी वाटली!

नोकरी लागल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला. मी थेट होळी गाठली. मॅडम मेथी खुडत होत्या. मी सांगितलं, आणि त्या तशाच वाफ्याच्या कडेला बसून रडल्या. मॅडमना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “आता माझ्या पोरांना नाही म्हणायची कुणाची टाप आहे, बघू!”

कुणाचीच झाली नाही. आज त्यांचे विद्यार्थी प्रयोगशाळांत, कारखान्यांत, बँकांतसुद्धा आहेत. कंपनीतल्या माझ्या विभागात दरवर्षी त्यांनी धाडलेलं कुणीतरी शिकायला येतं, आणि मी त्यांना बाटल्या धुवायला लावत नाही.

मॅडम, तुमची साठी झाली. सरकारी हिशेबानं तुम्ही निवृत्त. आमचं मात्र एकच मागणं आहे: तब्येत ठणठणीत ठेवा, खूप खूप म्हाताऱ्या व्हा, फक्त निवांत होऊ नका. अजून कितीतरी पोरं नोकरीला लावायची आहेत.