आत्याबाई आणि मिरजेची बाई

आमच्या सासूबाई एसटीतून कधी उतरल्या नाहीत, त्या उडी मारायच्या. दहिवडीच्या स्टँडात गाडी शिरली, की ती पुरती थांबायच्या आत पायरीवरून धप्प! कंडक्टर ओरडायचा, "आवं मावशी, हाडं मोडतील!"

"तुझी मोडतील रं. माझी माणच्या मातीतली हायत."

मी त्यांना आत्याबाई म्हणायची. गावात शेरडं राखायच्या, पाल्यासाठी झाडावर चढायच्या. भीती एकाच गोष्टीची. त्यांची थोरली बहीण अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती बाजेवरून पुन्हा उठलीच नाही. आत्याबाई म्हणायच्या, "मराया मी भीत न्हाई. पर बाजंवर पडून दुसऱ्याच्या हातनं पानी प्याचं न्हाई."

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी तिशीची, सांगलीत शाळेत शिकवायची. आत्याबाई आमच्याकडं आल्या असताना एका दवाखान्यात टाच मशीनमध्ये ठेवून हाडं तपासत होते, तिथं त्यांना नेलं. पुढं खात्रीसाठी पुण्याला खुबा आणि मणकाही तपासून आणला. आकडा आला उणे दोन पूर्णांक सात. सांगलीच्या डॉक्टरांनी समजावलं, "तिशीतल्या निरोगी बाईच्या हाडांशी ताडून हा आकडा काढतात. उणे अडीच किंवा त्याखाली गेलं, की हाड ठिसूळ झालं म्हणायचं. आता पडायचं नाही, आजी."

आत्याबाईंनी बाकीचं काही ऐकलंच नाही. रिक्षात बसल्याबरोबर विचारलं, "ती तिशीची कोन?"

"कुणी एक नाही हो. पुष्कळ बायकांची सरासरी असते."

"काय तरी सांगू नगंस. म्होरं कोन उभं केल्याबिगर मी कमी हाय ते कळंल कसं?"

घर येईपर्यंत हेच चाललं. शेवटी मी वैतागून म्हटलं, "मिरजेची आहे एक बाई."

"आस्सं!" म्हणून त्यांनी पदर खोचला. "काय खाती ती?"

आता मागं फिरायची सोय नव्हती. "नाचणीची भाकरी, तीळ, दूध."

"चालती?"

"रोज, सकाळच्या उन्हात. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही चुकवत नाही."

"मिशेरी लावती?"

"छे!"

आत्याबाईंचा हात कमरेच्या डबीवर गेला. पण दुसऱ्या दिवशी मिशेरीची डबी उकिरड्यावर गेली. ज्या बाईनं नवऱ्याचं, लेकाचं आणि दोन डॉक्टरांचं ऐकलं नव्हतं, तिनं मिरजेच्या बाईचं ऐकलं. झाडावर चढणं थांबलं. एसटी पुरती थांबल्यावर दांडी धरून उतरू लागल्या. मागचे लोक कुरकुरले, तर म्हणायच्या, "थांबा की! ती काय उड्या मारती व्हय?" कोण ती, हे कुणालाच कळायचं नाही.

संक्रांतीला गावाहून सांगलीला परत निघाले, तेव्हा त्यांनी माझ्याकडं तिळाच्या लाडवांचा डबा दिला. "हे तिला दे. वैर न्हाई म्हनावं, नुस्ती चुरस हाय."

हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. एसटीत मायणी यायच्या आत मी झाकण उघडलं आणि विट्याला डबा रिकामा होता. सकाळी चहावर निघायचं, दुपारी मिळेल ते खायचं, अशी माझी तऱ्हा. भूक होतीच. पुढच्या संक्रांतीलाही असंच झालं. आत्याबाई विचारायच्या, "आवडलं का तिला?" मी खाली मान घालून म्हणायची, "फार."

दोन वर्षांनी पुन्हा तपासणी केली. डॉक्टर खूश झाले. "आकडा खाली गेला नाही. या वयात हेच मोठं यश."

"पर आजून तीच म्होरं?" आत्याबाईंनी विचारलं.

"कोण?"

"ती तिशीची."

डॉक्टर हसले. "ती पुढंच राहणार, आजी."

बाहेर आल्यावर आत्याबाई माझ्याकडं बघत म्हणाल्या, "दोन सालं झाली की गं. आजून तिशीचीच हाय?"

मी घाईनं रिक्षाला हात केला. त्या संक्रांतीला डबा दुप्पट मोठा निघाला.

तो डबा त्या दहिवडीच्या स्टँडात खिडकीतून आत देत होत्या, तेव्हा माझ्यानं राहवेना. "आत्याबाई, मिरजेला तसली कुणी बाई नाही. मी खोटं बोलले."

"ठावं हाय."

"मग हे लाडू?"

"नुस्त्या च्यावर शाळंत जातीस. आपल्या घरात तिशीची कोन हाय, मी? तुला खा म्हनलं तर 'नको' म्हनतीस. दुसरीचं म्हनून कसं गपचिप खाल्लंस!"

गाडी हलली. खिडकीशी चार पावलं चालत त्या ओरडल्या, "तिला सांग, गोळ्या चुकवत न्हाई म्हनावं!"

तीच शेवटची भेट. पावसाळ्यात त्या हृदयविकारानं गेल्या. सकाळी विहिरीवर जाऊन स्वतःच्या हातानं पाणी आणलं होतं आणि त्यातलंच पेलाभर पिऊन त्या उंबऱ्यात बसल्या होत्या. बाज भिंतीला उभीच होती.

परवा माझी तपासणी झाली. आकडा थोडा उणा आला. तरुण डॉक्टरीणबाई समजावू लागल्या, "हे बघा काकू, आपण तिशीतल्या एका निरोगी बाईशी..."

"ओळखते मी तिला," मी म्हटलं. "लाडू फार खायची."