सहा वाजून दहा मिनिटांचा टँकर

माझं सदर वाचून भिलाईतल्या एका नगरसेवकाने ओठाला लावलेला चहाचा कप खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही, दुसऱ्याने पक्ष बदलला आणि तिसऱ्याने पक्ष बदलून त्याच दुपारी परत जुन्या पक्षात उडी मारली, असं मी हुडको कॉलनीतल्या पानठेल्यावर कितीतरी वर्षं सांगत आलो आहे. यातला पानठेला खरा आहे. सदरही खरं आहे. बाकीचं माझ्या बायकोला विचारू नका.

स्टील प्लांटच्या रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये जन्मभर शिफ्ट करून माणूस रिटायर झाला की त्याला दोनच उद्योग उरतात, गुडघे आणि राजकारण. गुडघे माझं ऐकत नव्हते. तेवढ्यात एका लहानशा हिंदी पेपरच्या संपादकाला माझी बडबड आवडली आणि दर गुरुवारी चौथ्या पानावरची एक चौकट माझ्या ताब्यात आली. शहराचं राजकारण तेव्हा अशा थराला गेलं होतं की विषय शोधावा लागत नसे, विषयच येऊन बेल वाजवत. सकाळी या गटात असलेला माणूस संध्याकाळी त्या गटाच्या फोटोत हार घालून उभा. सभागृहात ठराव कमी आणि खुर्च्या जास्त उचलल्या जात. मी लिहिलं, सभेत अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला तो आवाज भिलाई-3 स्टेशनपर्यंत गेला आणि सिग्नल समजून एक मालगाडी उभी राहिली. लोकांनी विश्वास ठेवला. दोघांनी तर ती उभी मालगाडी आपण स्वतः पाहिली असं मलाच येऊन सांगितलं. मग माझी हिंमत वाढली.

आमच्या वॉर्डाची मोठी पाइपलाइन तेव्हा फुटलेली होती. रस्ता खोदताना कुणाच्या तरी मशीनचा दात लागला, आणि ती कुणी जोडायची यावर दोन गटांचं भांडण सुरू झालं. तोवर घरोघर टँकर. वॉर्डाच्या नगरसेविका म्हणजे आमच्या वहिनी. भंडाऱ्याकडचं घर, कुठल्याच गटात नाहीत, अपक्ष निवडून आलेल्या. त्यांचा नवरा आणि मी एकाच शिफ्टमध्ये होतो. तो गेला, पण त्याच्या डब्यातली झुणका-भाकर माझ्या अंगात अजून कुठेतरी असणारच. पाइपलाइनची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर ढकलत नेणाऱ्या वॉर्डात त्या एकट्या.

आता माझी चूक ऐका. ही चूक शिफ्ट केलेला माणूसच करू शकतो. रिटायर होऊनही माझं शरीर फर्स्ट शिफ्टलाच जातं. सहाला घराबाहेर, सहा वाजून दहा मिनिटांनी वहिनींच्या गल्लीचं वळण. माझ्यावरून शेजारी घड्याळ लावतात. आणि रोज सहा दहाला, सलग बारा दिवस, टँकर वहिनींच्या फाटकासमोर उभा. मागचं तोंड फाटकाकडे, पाइप लोंबत असलेला.

मी घरी आलो आणि एका बैठकीत लिहून काढलं. लेख हिंदीत होता, इथे मराठीत सांगतो: "आम्ही कुणावर आरोप करत नाही. आम्ही फक्त रोज सकाळी चालायला जातो. टँकर पहिल्यांदा कुणाच्या दारात उभा असतो, ते आम्ही सांगणार नाही. गल्लीच्या टोकाला सत्तरीतली एक आजी रिकामी बादली घेऊन उभी असते, एवढंच सांगू. लोक विचारतात, तहान आधी कुणाची? लोक विचारतात हो, आम्ही नाही."

गुरुवारी छापून आलं. दुपारपर्यंत मोबाइल ते मोबाइल फिरलं. संध्याकाळी एका गटाने त्याची पत्रकं काढून किराणा दुकानांच्या शटरवर चिकटवली. मी मोठा खूश. शुक्रवारी संध्याकाळी बायको बुद्धविहारातून परतली, चपला काढल्या न काढल्या आणि म्हणाली, "वहिनी सोमवारी राजीनामा देऊन राहिल्या."

"कावून?"

"तुमीच सांगा कावून. रविवारी विहारात मीटिंग बोलावली त्याहिनं. सगळ्याइले सांगतीन अन् सोमवारी कागद नेऊन देतीन."

वहिनी गेल्या की फाइल जिथे आहे तिथेच झोपणार हे माझ्यासारख्यालाही कळत होतं. वॉर्ड कोरडा राहणार आणि वहिनी जन्मभर पाणीचोर. तरी मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही."

बायकोने सगळी नोकरी प्लांटच्या लॅबमध्ये काढली. तिच्यासमोर काहीही ठेवा, ती आधी नमुना घेते. तिने पेपर टेबलावर पसरला आणि पेन्सिल घेतली.

"'आम्ही आरोप करत नाही.' मंग काय करून राहिले, हळदीकुंकू?"

"ती लिहिण्याची पद्धत आहे."

"'लोक विचारतात.' कोन लोक?"

"पानठेल्यावरचे."

"पानठेल्यावर बोलते कोन?"

"मी," मी म्हणालो.

"अन् ही आजी कोनाची?"

"आजी तशी प्रातिनिधिक आहे."

"अवो, प्रातिनिधिक आजी! तिची बादली तरी खरी हाय का?"

बादली खरी होती. आमच्याच मोरीतली, वर्णनापुरती घेतली होती. मी तसं सांगितल्यावर बायको हसली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. तिने दोन वाक्यांखाली रेघ ओढली आणि त्यांच्या मधल्या पांढऱ्या जागेवर पेन्सिलचं टोक टेकवलं.

"टँकर दारात. आजीची बादली रिकामी. मधात तुमी काहीच नाही लिहिलं. मधातलं वाचनाऱ्यानं लिहिलं. म्हनून ते त्याले आपलंच वाटून राहिलं. दुसऱ्यानं सांगितलं तं मानूस शंका घेते, सोताच्या डोक्यातून निघालं त्याच्यावर कोन घेते?"

माझ्या लेखणीची इतकी उत्तम तारीफ आजवर कुणी केली नव्हती, आणि माझी मान इतकी खालीही कधी गेली नव्हती.

"पण टँकर मी पाहिला," मी म्हणालो. "बारा दिवस."

"दिवस नाही. मिनिटं किती?"

आमच्या मिलमध्ये लॉगबुकात मशीन बंद पडल्याची वेळ लगेच लिहायची, पण कारणाचा रकाना मोकळा सोडायचा. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय तो भरायचा नाही, असा आमच्या फोरमनचा कायदा. एकदा मी घाईत भरला तर त्याने सगळ्यांसमोर मला असं झापलं की शेजारी लाटला जाणारा लालबुंद रूळ थंड पडला. तो कायदा मी जन्मभर पाळला आणि चौथ्या पानावर येऊन मोडला.

चूक कळल्यावर मी काय केलं? त्याच बैठकीत दुसरा लेख लिहिला. वहिनी म्हणजे साक्षात नदी, वॉर्डाची माउली, स्वतः उपाशी राहून टोकाच्या आजीला हाताने पाणी पाजणारी. वाचताना माझे मलाच डोळे भरून आले. बायकोने शेवटपर्यंत ऐकलं.

"जे आजी नाहीच, तिले वहिनी पानी पाजून राहिल्या?"

"भावना समजून घे ना."

"काल शिव्या होत्या, आज आरती हाय. पाहिलं दोन्ही वक्ती काहीच नाही. उद्या शनिवार. स्टूल घ्या, रजिस्टर घ्या अन् पुरी शिफ्ट करा."

म्हणून शनिवारी पावणेसहापासून मी वहिनींच्या गल्लीच्या वळणावर गुलमोहराखाली स्टूल टाकून बसलो. सहा दहाला टँकर आला आणि फाटकासमोर उभा राहिला, अगदी माझ्या लेखात होता तसा. मी मनात म्हटलं, बघा! सहा अकराला ड्रायव्हरने गिअर टाकला. सहा चौदाला टँकर फाटकापासून निघून उलटा गल्लीत शिरला. त्या सगळ्या गल्लीत टँकर वळेल एवढी रुंद जागा एकच, वहिनींच्या फाटकापुढची, कारण नवऱ्याने घर बांधताना आपली कंपाउंडची भिंत चार फूट आत घेतली होती. फाटक बंद, पाइप तसाच लोंबत. एक थेंब सांडला असेल तर तो माझ्या घामाचा.

मग टँकर पार टोकाच्या घरापासून सुरू झाला आणि वहिनी वही घेऊन त्याच्या मागे चालत राहिल्या. कुणाचे दोन ड्रम, कुणाचे तीन, कुणाचं "वहिनी, पाहुणे आलेत" म्हणून अर्धा जास्त. मी लिहीत गेलो. साडेअकराला टँकर रिकामा झाला. दोन घरं उरली. एक शिवणकाम करणाऱ्या बाईचं आणि दुसरं वहिनींचं. वहिनींनी स्कूटरला चार कॅन बांधले, सेक्टर 10 ला बहिणीच्या क्वार्टरवर गेल्या, पाऊण वाजता कॅन भरून परत आल्या आणि त्यातले दोन शिवणवाल्या बाईच्या दारात उतरवले. हे त्या दिवसापुरतंच होतं का, म्हणून मी बाईला विचारलं. ती मशीन न थांबवता म्हणाली, "रोजच होते भाऊ. तुमाले आज दिसलं का?"

आता वहिनींनी मला पाहिलं. मला पळावंसं वाटलं, पण गुडघे.

"भाऊजी, इथं उन्हात कावून बसले? गुडघे दुखतात ना?"

त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. त्या उरलेल्या दोन कॅनमधल्या पाण्याचा. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांनी त्यातच कप दिला म्हणा ना. पायरीवर बसून त्या म्हणाल्या, "तुमचं वाचलं."

मी घाईत मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

"तीनदा वाचलं. मी चोर हाय असं कुठं लिहिलं ते शोधून राहिली होती. कुठंच नाही भाऊजी. लिहिलं असतं तं उत्तर दिलं असतं. आता मी काय सांगू लोकाइले, की पेपरात जे लिहिलंच नाही ते खोटं हाय?"

आवाज चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी तासभर पुरतील एवढ्या परत फिरवल्या असत्या, त्या कामात मला जिल्ह्यात तोड नाही. मी चहा संपवला आणि म्हणालो, "वहिनी, उद्या मीटिंगमध्ये आधी मले बोलू द्या."

"तुमी बोलले तं कोनाची पाळी येते?" त्या म्हणाल्या. मला त्यांच्या नवऱ्याची आठवण यावी तसं हसल्या.

रविवारी वंदना झाल्यावर विहारात मीटिंग भरली. बायाच जास्त. वहिनींच्या हातात लिफाफा. मी उभा राहिलो तशी मंडळी सरसावून बसली, काका आता रंग भरणार. मी रजिस्टर उघडून वेळा वाचायला लागलो. सहा दहा. सहा अकरा. सहा चौदा. तिसऱ्या मिनिटाला एकाने जांभई दिली. माझ्या भाषणात जांभई! दुसरं कुणी असतं तर मी त्याचं नाव पुढच्या गुरुवारी छापलं असतं.

"आमच्याकडं तुमी साडेसात लिहिलं, सात वीसलेच आला होता," मागून एक बाई म्हणाली.

"सात पंचवीस," तिची जाऊ म्हणाली.

"अन् आमचे दोनच ड्रम, तीन नाही!"

बघता बघता सगळं विहार मिनिटांवरून आणि ड्रमांवरून माझ्याशी भांडायला लागलं. माझ्या उभ्या मालगाडीवर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. या रजिस्टरच्या मात्र ओळी-ओळीला लोक आडवे येत होते, कारण प्रत्येकाने त्यातला आपला तुकडा स्वतः पाहिला होता. दुरुस्त्या करत करत टँकर वहिनींच्या दारापर्यंत पोचला तेव्हा तो रिकामा होता, आणि ते मला सांगावं लागलं नाही.

पत्रकं चिकटवणाऱ्या गटाचा माणूस उठला. "काका, गुरुवारी एक बोलता, रविवारी दुसरं?"

"गुरुवारचं मी चार मिनिटं पाहून लिहिलं होतं बापा. हे सात तास पाहून लिहिलं. अन् टोकावरची ती आजी," मी घसा साफ केला, "ती मी मनानंच रचली होती."

"मंग मी कोन हाय?" एक म्हातारी भिंतीचा आधार घेत उठली. "टोकाले बादली घेऊन मीच उभी असते. पन रिकामी कावून लिहिलं रे? भरल्याबिगर मी घरी जाते का?"

विहार असं हसलं की छपराचे पत्रे भिलाई-3 ला जाऊन पडले. वहिनीही हसल्या, पण लिफाफा काही फाडला नाही. सोमवारी त्या फाइल आणि लिफाफा दोन्ही पिशवीत घालून स्कूटरवर निघाल्या आणि मागच्या सीटवर मी पिशवी धरून. महापालिकेत आतल्या साहेबांनी विचारलं, "काय आणलं?" वहिनींनी पिशवीत हात घातला. माझा श्वास असा अडकला की साहेबांच्या टेबलावरचे कागद हलायचे थांबले. त्यांनी फाइल काढून ठेवली.

"पाइप कधी जोडता ते याच्यावर लिहून द्या," त्या म्हणाल्या. "मले वॉर्डात वाचून दाखवाचं हाय. तिथं लय भांडतात लोक मिनिटावरून."

पाइप जोडायला त्यानंतरही पुष्कळ फेऱ्या लागल्या, पण जोडला, आणि तोवर वहिनी नगरसेविकाच राहिल्या. माझं रजिस्टर छापायला संपादक तयार नव्हता, यात वाचण्यासारखं काय आहे म्हणाला. शेवटी राशिभविष्याच्या खाली बोटभर जागा दिली. ते कुणी वाचलं नाही.

पहिला लेख मात्र लोक विसरलेले नाहीत. अजूनही पलीकडच्या वॉर्डातला कुणी पानठेल्यावर भेटतो आणि म्हणतो, "काका, ती टँकरवाली बाई!" मी त्याला थांबवून फाटकापुढच्या जागेची रुंदी सांगतो, भिंत चार फूट आत कशी घेतली ते सांगतो, सेक्टर 10 च्या फेऱ्या सांगतो. तो पान चघळत ऐकून घेतो आणि म्हणतो, "असेल. पण तुम्ही लिहिलं होतं छान." मग मी त्याला हाताला धरून बाकावर बसवतो आणि सहा दहापासून पुन्हा सुरू करतो.