मंत्री आले की बेबीताई ठाण्यात

रिठदच्या अलीकडे एका वस्तीवर बेबीताई खिल्लारे शिवणकाम करतात. नव्या सुरक्षा कायद्याविरुद्ध तालुक्याला धरणं झालं, तेव्हा शेजारच्या बायांना घेऊन त्याही गेल्या. माइक हातात आला तशा म्हणाल्या, "सरकारले सवाल इचारला म्हणून आमाले उचलून नेणार असान, तर बाबासाहेबांनी आमाले काय देलं होतं?" भाषण तेवढंच. कोणीतरी ते मोबाइलवर टाकलं.

तेव्हापासून तालुक्यात मंत्री यायचा असला की दारात पोलिसांची जीप येते. दिवसभर ठाण्यातल्या बाकावर बसायचं, मंत्र्याच्या गाड्या गेल्या की घरी. गुन्हा नाही, अटकही नाही. पण वस्तीत कुजबुज सुरू झाली, ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया कमी झाल्या.

मुलीच्या, पल्लवीच्या साखरपुड्याच्या दिवशीही जीप आली. दारात मांडव घातला होता.

"आज पोरीचा कार्यक्रम हाये भाऊ. मी कोठी जाऊन राह्यली?"

"मले समजते ताई," हवालदार खाली पाहत म्हणाला. "वरून हुकूम हाये."

ठाण्यात साहेबांनी कागद पुढे सरकवला. यापुढे कुठल्याच आंदोलनात जाणार नाही असं लिहून द्या, लगेच सोडतो. बेबीताईंनी नाही म्हटलं. दुपारी पल्लवीचा फोन आला.

"माय, पाहुणे येऊन बसले. 'तुही आई कोठी गेली?' म्हणून इचारून राह्यले. मी काय सांगू?" पोरगी रडत होती.

बेबीताईंनी सही केली.

पुढे ग्रामसभेत गायरान सरकारी प्रकल्पाला द्यायचा ठराव आला. गावाला आधी कोणी काही विचारलंच नव्हतं. बाया बेबीताईंकडे पाहू लागल्या. त्या मान खाली घालून बसून राहिल्या. ठराव मंजूर झाला.

"काहून बोलली नाहीस वं?" बाहेर आल्यावर शेजारच्या रेणूने विचारलं.

"बोलाचं तोंड लिहून देलं ना मी."

आणि तरी पुढच्या दौऱ्याला जीप दारात हजर.

"मी तं लिहून देलं होतं!"

"हाव. पण यादीतून तुमचं नाव काई निघत नाही ताई."

"मंग माहा कागद वापस द्या."

"तो वापस भेटत नसते."

त्या दिवशी संध्याकाळी साहेब म्हणाले, "जा आता." बेबीताई बाकावरून हलल्या नाहीत.

"कोन्या कायद्यानं बसवलं ते लेखी द्या, मंग जाईन."

साहेब आधी हसले, मग ओरडले. शेवटी दोन महिला शिपायांनी दंड धरून त्यांना फाटकाबाहेर आणलं. लेखी काही मिळालं नाही. गावाकडची एसटी निघून गेली होती. दुखरा दंड चोळत त्या फाट्यावर उभ्या राहिल्या.

परवा पुन्हा कोणी मंत्री येणार आहे म्हणतात. बेबीताईंनी शिवायचे कपडे आजच उरकायला घेतलेत.